विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकावर ‘सिस्टिम’ फाइल सापडत नाही. फॉरमॅट न करता दुरुस्ती शक्य आहे का?

सांगलीकर_७६

नमस्कार. वडिलांचा संगणक २०११ साली गावातल्याच दुकानातून सुटे भाग जुळवून घेतलेला आहे. त्यावर विंडोज ७ होम प्रीमियमची ६४ बिटची आवृत्ती, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. गेल्या आठवड्यात पावसात वीज सारखी जात-येत होती. तेव्हापासून संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर एक संदेश येतो आणि गाडी तिथेच अडते. विंडोज फोल्डरमधील सिस्टिम३२, त्यातील कॉन्फिग आणि त्यातील ‘सिस्टिम’ या नावाची फाइल नाहीशी झाली आहे किंवा बिघडली आहे, असा त्या संदेशाचा आशय आहे. एफ८ दाबून सेफ मोड निवडला तरी हाच संदेश येतो.

दुकानदाराने तपासणी न करताच ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असे सांगितले. वडिलांनी निवृत्तीनंतर लिहिलेले लेख, शेतीचा अनेक वर्षांचा हिशेब आणि घरचे फोटो सी ड्राइव्हवरच डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये आहेत, त्यामुळे तो मार्ग आम्हाला नको आहे. लेख युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची समान पद्धत) येण्यापूर्वीच्या एका मराठी फॉन्टमध्ये आहेत. आमच्या आतेभावाकडेही विंडोज ७ आहे; त्याच्या संगणकावरची हीच फाइल आणून इथे टाकावी, असे तो सुचवतो. हे योग्य ठरेल का? घरात विंडोज १० असलेला एक लॅपटॉप आणि विंडोज ७ ची मूळ डीव्हीडी आहे.

आणखी एक गोष्ट. हा बिघाड होण्याच्या बऱ्याच आधीपासून एक प्रोग्रॅम उघडताना ‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल ही फाइल संगणकावर नाही’ असा संदेश येत असे (डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमला चालताना लागणारी मदतनीस फाइल). दोन्ही तक्रारींचा परस्परांशी काही संबंध असू शकतो का?

यंत्रवेडा

फाइल परत कशी आणायची, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. ती का गेली, हे समजल्याशिवाय त्या डिस्कवर काहीही लिहिले जाऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सिस्टिम फाइल आपण होऊन नाहीशी होत नाही. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली असेल, डिस्कवरील काही सेक्टर (साठवणीचे छोटे कप्पे) वाचता येईनासे झाले असतील, रॅममध्ये दोष असेल किंवा साटा केबल (डिस्क मदरबोर्डाला जोडणारी तार) सैल झाली असेल. क्वचित अँटिव्हायरसच चांगली फाइल विषाणू समजून उचलून नेतो. एप्रिल २०१० मध्ये मॅकअफीच्या एका अद्ययावत यादीने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही मूळ फाइलच धोकादायक ठरवली होती आणि जगभरातले असंख्य संगणक ठप्प झाले होते. तुमच्या बाबतीत पहिल्या दोन कारणांचा संशय अधिक आहे.

म्हणून विंडोजची ‘स्टार्टअप रिपेअर’ किंवा डिस्क तपासून दुरुस्त करणारी ‘चेकडिस्क’ ही साधने आताच चालवू नका. चेकडिस्क फाइल-रचनेची सुसंगती जपते, तुमच्या मजकुराची नव्हे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ती तासन्‌तास चालवली, तर उरलासुरला जीवही जाण्याची शक्यता असते.

लॅपटॉपवर लिनक्स मिंट या विंडोजला पर्यायी कार्यप्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती उतरवून रूफस या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवा. तुमचा मदरबोर्ड जुना असल्याने रूफसमध्ये विभाजनाचा प्रकार एमबीआर (जुन्या संगणकांना समजणारी पद्धत) ठेवा. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर ‘इन्स्टॉल’च्या चिन्हाला हात लावू नका, मिंट पेनड्राइव्हवरूनच चालते आणि ४ जीबी रॅम त्याला पुरते. विंडोज नीट बंद झालेली नसल्याने लिनक्स सी ड्राइव्ह केवळ वाचनासाठी उघडेल. तसे झाले तर उत्तमच, कारण आपल्याला तेवढेच हवे आहे.

आता बाहेरची हार्ड डिस्क जोडून ‘यूजर्स’ हे संपूर्ण फोल्डर उतरवून घ्या, केवळ डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स नव्हे, कारण ईमेल प्रोग्रॅमचा साठा आणि ब्राउझरमधील बुकमार्क ‘अॅपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. वडिलांचे लेख जुन्या फॉन्टमध्ये असल्याने विंडोजमधील ‘फॉन्ट्स’ फोल्डरही न विसरता घ्या. तो फॉन्ट हरवला, तर लेखांच्या फाइली शाबूत राहूनही पडद्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. यूएसबी २.० वर १०० जीबी उतरायला साधारण एक तास लागतो, पण डिस्क मध्येच अडखळू लागली तर वेळ कितीही वाढू शकतो. म्हणून लेख आणि हिशेब आधी, फोटो नंतर.

उतरवून झाल्यावर मिंटमधील ‘डिस्क्स’ हा प्रोग्रॅम उघडून डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, पाहा. ‘रीअॅलोकेटेड सेक्टर काउंट’ (बाद करून बदललेले सेक्टर) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ (वाचता न आल्याने प्रलंबित ठेवलेले सेक्टर) या दोन ओळींतील आकडे इथे कळवा. तसेच कॉन्फिग फोल्डरच्या आत ‘रेगबॅक’ नावाचे फोल्डर आहे. त्यातील फाइलींचा आकार आणि तारीखही लिहा.

सांगलीकर_७६

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. लेख, हिशेब आणि फॉन्ट सुखरूप उतरले. फोटोंपैकी एका फोल्डरवर संगणक बराच वेळ अडखळत होता आणि त्यातील काही फोटो वाचता आले नाहीत.

‘रीअॅलोकेटेड’पुढे ० आहे, मात्र ‘पेंडिंग’पुढे ४८ आहे. रेगबॅकमध्ये डिफॉल्ट, सॅम, सिक्युरिटी, सॉफ्टवेअर आणि सिस्टिम अशा पाच फाइली आहेत. त्यांची तारीख बिघाडाच्या आठवडाभर आधीची असून पाचही फाइलींना आकार आहे. दुकानदाराला फोनवर हे आकडे सांगितले, तर वीज गेल्यामुळे असे होतेच, डिस्क चांगली आहे, असे तो म्हणाला.

बारामतीचा_तंत्रज्ञ

दुकानदाराचे म्हणणे अगदीच निराधार नाही. लिहिताना वीज गेल्यास एखादा सेक्टर अर्धवट लिहिला जाऊन ‘पेंडिंग’मध्ये जमा होतो आणि नव्याने लिहिल्यावर तो सुधारतोही. परंतु इतक्या वर्षांच्या डिस्कवर ४८ सेक्टर प्रलंबित असताना आणि जुने फोटो वाचायला ती नकार देत असताना मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. त्या फोटोंवर वीज जाण्याच्या वेळी कोणी काही लिहीत नव्हते.

एक साधी साटा एसएसडी घ्या. तुमच्या बोर्डाचा साटा जुन्या पिढीचा असला तरी ती चालेल. एसएसडी पूर्ण ५०० जीबीची किंवा त्याहून मोठी हवी. ४८० जीबीची स्वस्त मिळते, पण तिच्यावर जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत मावणार नाही. मिंटवरूनच ‘डीडीरेस्क्यू’ने प्रत काढा. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतो, नंतर खराब जागांकडे वळतो आणि काय वाचले, काय राहिले, याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी पुढे तिथूनच सुरू करता येते. आज्ञा देण्यापूर्वी कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी, हे तिच्या मॉडेल क्रमांकावरून पडताळा. इथे उलटापालट झाली तर मूळ मजकूर पुसला जाईल. प्रत झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवा, कारण दोन्ही डिस्कवर एकच ओळख-क्रमांक असल्याने विंडोज त्यांपैकी एकीला ऑफलाइन करते.

आता तुमचा मूळ प्रश्न. आतेभावाची ‘सिस्टिम’ फाइल आणू नका. ही फाइल म्हणजे रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीचा, एक भाग. त्या विशिष्ट संगणकातील डिस्क कंट्रोलर, ड्रायव्हर, सेवा आणि ड्राइव्हना दिलेली अक्षरे यांची नोंद तिच्यात असते. ती आणून इथे बसवणे म्हणजे शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावरून आपल्या शेताची मोजणी करणे होय. तुमच्याजवळ तुमचीच प्रत रेगबॅकमध्ये आहे. विंडोज ७ साधारण दर दहा दिवसांनी ही प्रत आपोआप काढते. (विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही सोय मुळातच बंद ठेवली आहे. तिथे फाइली दिसतात, पण त्यांचा आकार शून्य असतो. डिस्कमधली थोडी जागा वाचवण्यासाठी एवढी उपयोगी गोष्ट काढून टाकणे मला आजही पटलेले नाही.)

डीव्हीडीवरून संगणक सुरू करून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडा आणि कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडा. इथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असतात. बहुधा १०० एमबीच्या राखीव विभागाला सी हे अक्षर मिळते आणि तुमचा नेहमीचा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसतो. म्हणून प्रत्येक अक्षरावर ‘डिर’ ही आज्ञा देऊन ‘विंडोज’ आणि ‘यूजर्स’ ही फोल्डरे कुठे आहेत, ते पाहा. मग त्या ड्राइव्हवरील कॉन्फिग फोल्डरमध्ये जाऊन बिघडलेल्या ‘सिस्टिम’ फाइलला ‘रेन’ या आज्ञेने दुसरे नाव द्या आणि रेगबॅकमधील ‘सिस्टिम’ फाइल ‘कॉपी’ने तिथे आणा. बिघडलेली फाइल पुसू नका. बाकीच्या चार फाइलींना कारण नसताना हात लावू नका. विंडोज सुरू झाली, तर प्रतीच्या तारखेनंतर बसवलेला एखादा ड्रायव्हर पुन्हा बसवावा लागेल, याहून अधिक काही बिघडणार नाही.

विंडोज सुरू झाली म्हणजे काम संपले, असेही नाही. डीडीरेस्क्यूला जे सेक्टर वाचता आले नाहीत, त्यांच्या जागी नव्या डिस्कवर शून्ये असतात आणि ती शून्ये नेमकी कोणत्या फाइलीत पडली, हे विंडोजला ठाऊक नसते. आता नवी डिस्क निर्दोष असल्याने चेकडिस्क निःशंकपणे चालवा. त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘एसएफसी’, एक मोकळी जागा आणि तिरक्या रेघेला जोडून ‘स्कॅननाउ’ अशी आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. संरक्षित सिस्टिम फाइलींची तपासणी करून बिघडलेली फाइल ही आज्ञा ‘विनएसएक्सएस’ या साठ्यातून परत आणते. साठ्यातली प्रतच बिघडलेली असेल, तर काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत, असे ती सांगते आणि त्यांची नावे ‘सीबीएस’ लॉगमध्ये लिहिते. अशा वेळी अनेक जण डिझम (विंडोजचेच दुरुस्तीचे साधन) आणि ‘रिस्टोअरहेल्थ’ची आज्ञा सुचवतात, पण ती विंडोज ८ पासूनची आहे, विंडोज ७ ती ओळखतच नाही. विंडोज ७ साठी ‘सिस्टिम अपडेट रेडिनेस टूल’ हे वेगळे साधन होते, केबी९४७८२१ या क्रमांकाचे. एखाददुसरीच डीएलएल राहिली असेल, तर मात्र आतेभावाचा संगणक कामी येऊ शकतो, अट एवढीच की फाइलची आवृत्ती आणि बिटसंख्या तंतोतंत जुळली पाहिजे.

आणखी एक. मदरबोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी बदलून घ्या. ती संपली की बायोसमधल्या (मदरबोर्डावरील सुरुवातीच्या प्रोग्रॅममधल्या) निवडी मूळ स्थितीला जातात आणि डिस्कशी संपर्क साधण्याचा मोड आयडीई आणि एएचसीआय या दोन पद्धतींत बदलला, तर सर्व फाइली जागेवर असूनही विंडोज ७ निळा पडदा दाखवून थांबते. बॅटरी काढण्यापूर्वी सध्याचा मोड कागदावर लिहून ठेवा.

पुणेरी_संकेतक

डीएलएलच्या तक्रारीबद्दल लिहितो. तिचा या बिघाडाशी संबंध नाही. एमएसव्हीसीपी१४० हा विंडोजचा घटकच नव्हे. व्हिज्युअल सी++ २०१५ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत रचलेल्या प्रोग्रॅमला लागणारी ती फाइल आहे. त्यामुळे एसएफसी कितीही वेळा चालवली तरी ती येणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल घेऊन बसवावे लागते. तुमचे विंडोज ६४ बिटचे असले तरी प्रोग्रॅम ३२ बिटचा असू शकतो, म्हणून दोन्ही बसवा. त्यानंतर ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ अशा नावाची फाइल नाही, असा संदेश आला, तर केबी२९९९२२६ हे अद्यतन हवे आणि त्यासाठी विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक १ आधी असावा लागतो.

सुट्या डीएलएल फुकट देणाऱ्या संकेतस्थळांवरून काहीही घेऊ नका. फाइलमध्ये काय मिसळले आहे, ते कळत नाही. शिवाय ती ठेवायची जागाही हमखास चुकते. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या फाइली सिसवॉव६४ मध्ये. ही नावे उलटी वाटतात, आणि त्यामुळेच लोक ३२ बिटची फाइल सिस्टिम३२ मध्ये नेऊन टाकतात.

‘कर्नेल३२.डीएलएलमध्ये एंट्री पॉइंट सापडला नाही’ असा संदेश मात्र वेगळा समजावा. तिथे फाइल हरवलेली नसते. नव्या प्रोग्रॅमला हवी असलेली सोय विंडोज ७ मध्ये कधी नव्हतीच. कोणी कर्नेल३२ बदलायला सांगितले, तर ऐकू नका. त्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती शोधणे हाच उपाय. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ आहे.

लिपिकार

वरील सल्ले योग्यच आहेत. मात्र विंडोज ७ ची सुरक्षा-अद्यतने सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठी १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, हे लक्षात घेता दुरुस्तीनंतर हा संगणक इंटरनेटपासून तोडलेलाच बरा. बँकेची कामे लॅपटॉपवर करावीत आणि जुना संगणक लेखांपुरता ठेवावा.

त्या लेखांसाठीच ही दुरुस्ती मोलाची आहे, असे मला वाटते. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण र्‍हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांत ते चुकतात, त्यामुळे रूपांतरित मजकूर मूळ लेखाशेजारी ठेवून वाचावाच लागतो. विंडोज सुरू झाल्यावर पहिल्यांदा प्रत्येक लेख त्या फॉन्टसह पीडीएफमध्ये साठवावा. विंडोज ७ मध्ये पीडीएफचा प्रिंटर अंगभूत नसतो, पण वर्ड २०१० किंवा लिब्रे ऑफिसमधून थेट पीडीएफ करता येते. फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत झाला आहे की नाही, हे तो फॉन्ट नसलेल्या तुमच्या लॅपटॉपवर फाइल उघडून पाहावे आणि मगच रूपांतराला सुरुवात करावी.