मोठ्यांना संगणक शिकवताना मुदत हवी का?

कोपरीची शिक्षिका: आमच्या सोसायटीच्या ऑफिसात शनिवार-रविवारी दुपारी मी मोठ्या माणसांना संगणक शिकवते. फी नाही, परीक्षा नाही, मुदतही नाही. परवा एका सभासदांनी सुचवलं, "२० तासांत उरका आणि सर्टिफिकेट द्या, नाहीतर वर्षभर माउसच धरून बसतील." मला हे अजिबात पटलं नाही. सत्तरीचे एक काका तीन शनिवार डबल क्लिकवरच अडले होते. दोन टिचक्यांच्या मध्ये हात सरकायचा आणि फोल्डर उघडायचं सोडून जागेवरून हलायचं. शेवटी मी माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी केला आणि पत्त्यांचा सॉलिटेअर लावून दिला. १९९० साली विंडोजमध्ये तो खेळ आला तेव्हा लोकांच्या हाताला माउसची सवय व्हावी हाही हेतू होताच. चौथ्या शनिवारी काकांनी नातीचे फोटो स्वतः पेनड्राइव्हवर घेतले. २० तासांच्या हिशेबात हे काका नापास ठरले असते.

वाशीचा क्लासवाला: ताई, तळमळ कळते, पण मुदत नसली की माणूस येतच नाही. गणपती, नवरात्र, दिवाळी, मग लग्नसराई. परत येतो तेव्हा मागचं सगळं पुसलेलं. एमएस-सीआयटी हा राज्याचा संगणक साक्षरतेचा कोर्स २००१ पासून चालू आहे. ठरलेला अभ्यासक्रम, शेवटी परीक्षा, आणि त्यातून लाखो लोक शिकले. परीक्षा डोक्यावर असली की लोक घरी सराव करतात, हे मी रोज बघतो.

कोपरीची शिक्षिका: सर, एमएस-सीआयटी करणाऱ्या बहुतेकांपुढे नोकरी असते. माझ्याकडच्या बायकांना कुणी नोकरी देणार नाहीये. केंद्राची पीएमजीदिशा ही डिजिटल साक्षरतेची योजना २०१७ मध्ये आली आणि २०२४ मध्ये संपली, तीही २० तासांचीच होती, पण ग्रामीण घरांसाठी आणि वय १४ ते ६०. कोपरीतली ६५ वर्षांची बाई दोन्ही अटींत बसत नव्हती. तिने जायचं कुठे?

नेरूळची विद्यार्थिनी: मी ६४ वर्षांची. एका बॅचला नाव घातलं होतं. सर म्हणायचे, "राइट क्लिक, आता प्रॉपर्टीज," आणि मी अजून पडद्यावर बाण शोधत असायचे. शेजारची कॉलेजची मुलगी घाईने माझा माउस घेऊन करून द्यायची. चौथ्या दिवशी घरी सांगितलं, गुडघे दुखतात. खरं तर लाज वाटत होती. पुढे भाचीने शिकवलं. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एवढं कळल्यावर मराठी टायपिंग सुटलं. पण क्लासवाले दादांचंही एक खरं आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा होता, म्हणूनच जीवन प्रमाणची पीडीएफ उतरवून प्रिंट काढायला मी नेटाने बसले. तारीख नसती तर राहिलंच असतं.

वाशीचा क्लासवाला: मावशी, तो माउस हिसकावण्याचा प्रकार माझ्याकडेही होतो, हे मान्य. आणि गरज असेल ती तारीख शिकणाऱ्याने स्वतः ठरवावी, हेही मान्य. पण माझ्याकडे दहा मशीन आणि मी एकटा. एक जण कॉपी-पेस्टवर, दुसरा ईमेलला फाइल जोडतोय, तिसऱ्याला मशीन बंद करता येत नाही. मी कोणापाशी उभा राहू?

कोपरीची शिक्षिका: ज्याला येतं त्याला नव्याच्या शेजारी बसवते. अट एकच: हात पाठीमागे बांधून, तोंडाने सांगायचं. वेळ दुप्पट लागतो, पण सांगणाऱ्याचंही पक्कं होतं.

ठाण्याचा निवृत्त बँकवाला: बाकी सगळं सावकाश चालू द्या, पण ओटीपीचं नाही. आमच्या काउंटरवर फसवले गेलेले लोक रडताना पाहिलेत मी. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही आणि पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, हे पहिल्याच दिवशी. माउस धरता येत नसला तरीही.

कोपरीची शिक्षिका: बरोबर आहे, काका. मी ते ईमेलनंतर घेत होते. या शनिवारपासून आधी घेते.

वाशीचा क्लासवाला: आणि हजेरी लावाच, ताई. दोन शनिवार न दिसलेल्याला फोन करा. गुडघे दुखतायत म्हणाला, तर घरी जाऊन या.