शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो, गल्लीतल्या बायकांनी नेमकं काय करावं?

गटप्रमुख_विडीघरकुल
नमस्कार. मी सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात राहते, बचत गट चालवते. दुपारी आम्ही काही जणी ओट्यावर विड्या वळत बसतो. त्यातली एक तेलुगू घरातली सून. परवा आली तेव्हा उजव्या हाताचं बोट सुजून काळंनिळं झालेलं. पान कापलं, तंबाखू भरली, पण विडीचं तोंड दुमडायला बोट वाकेना. हजाराचा हिशेब पुरा झाला नाही, मजुरी कमी आली, म्हणून घरी पुन्हा मार. नवरा यंत्रमागावर कामाला. पगाराच्या दिवशी तिचे पैसेसुद्धा तोच काढून घेतो. रात्री भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. अख्खी गल्ली जागी असते, उठत कुणी नाही. सासू म्हणते, "आमच्या घरात नाक खुपसू नका."

१८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा एवढंच सांगू नका, तो नंबर आम्हाला पाठ आहे. गल्ली म्हणून आधीपासून काय करून ठेवता येईल, की त्याचा हात उठायच्या आधीच थांबेल?

निवृत्त_समुपदेशक
ताई, आधी तिला एकटीला गाठा आणि तिला काय हवंय ते विचारा. तिच्या माघारी काही ठरवू नका, त्याचे वळ तिच्याच अंगावर उठतात.

आवाज आला की कुणी दार वाजवायचं हे आजच ठरवून ठेवा. एकटीनं जाऊ नये, दोघी-तिघी आणि सोबत एखादा वयस्कर पुरुष. "तुमच्याकडं लाईट आहे का?" एवढंच विचारायचं. तो प्रसंग तिथं तुटला पाहिजे, त्या वेळी त्याला उपदेश नको. हातात हत्यार असेल किंवा आतून कडी लावून मारत असेल, तर दाराशी जाऊच नका, सरळ ११२.

सुजलेलं बोट सिव्हिलला दाखवा आणि कशानं लागलं ते डॉक्टरांना खरं सांगायला लावा. "पडले" असं लिहिलं गेलं तर पुढं तोच कागद आड येतो. आधार, पासबुक, विडी कामगाराचं कार्ड यांच्या झेरॉक्स तुमच्याकडं ठेवा.

शेजाऱ्यांना वाटतं आपण अडकू. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ४ सांगतं की कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर खटला होत नाही. कलम १७ प्रमाणे घर कुणाच्याही नावावर असो, तिला तिथं राहायचा हक्क आहे. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही.

पूर्वभाग_रहिवासी
पोलीस-कोर्ट झालं की संसार मोडतो. दोन्हीकडची मोठी माणसं बसवा, मिटवा.

निवृत्त_समुपदेशक
दादा, अशा बैठका मी आयुष्यभर पाहिल्या. "तूही जरा सांभाळून घे" असं तिला सांगतात, त्याच्याकडून तोंडी शब्द घेतात आणि चहा पिऊन उठतात. शब्द मोडला तर विचारणारं कुणी नसतं. मॅजिस्ट्रेटचा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्या आदेशासाठी नवऱ्याला सोडावं लागत नाही. संसार मारानं मोडतो, अर्जानं नाही.

लेझीम_मास्तर
ताईंनी हात उठायच्या आधीचं विचारलंय, म्हणून लिहितो. गणपतीच्या आधी आमच्या मंडळाची लेझीम रोज संध्याकाळी असते, पोरं नंतर तासभर बसतात. एकजण म्हणाला, बायकोला दोन लावल्याशिवाय ऐकत नाही. बाकीचे हसले. मी हलगी बाजूला ठेवली आणि हसणाऱ्या एकेकाला विचारलं, तुझ्या आईला कुणी मारताना तू पाहिलंस का? तिघांच्या माना खाली गेल्या. त्या दिवसापासून आम्ही हे बोलणं सोडलं नाही. बायकोवर हात टाकणाऱ्याला मंडळात पद नाही, असं सभेत ठरलं. कुरकुर झाली, पण ठराव टिकला.

युगांडात कंपालामध्ये 'सासा!' नावाचं काम असंच चालतं. वस्तीतलेच बाया-पुरुष शिकून ओट्यावर, दुकानापुढं शेजाऱ्यांशी बोलतात. २००७ ते २०१२ मध्ये त्याची तपासणी झाली, तेव्हा काम झालेल्या वस्त्यांत नवऱ्याकडून होणारी मारहाण बाकी वस्त्यांपेक्षा ५२ टक्के कमी आढळली. तिथं पुरुषांशी पुरुष बोलले, हे मला मोलाचं वाटतं.

तुमच्या त्या माणसाशी त्याच्या कारखान्यातला जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, बोलू शकेल का? त्याचं तो ऐकेल. मात्र तिची परवानगी असेल तरच.

गटप्रमुख_विडीघरकुल
काल तिच्याशी बोलले. तिला आत्ता तक्रार नको, दार वाजवलेलं चालेल म्हणाली. आम्ही चौघी आणि समोरचे काका तयार आहोत. जॉबरचं नाव काढल्यावर घाबरली, तो विषय थांबवला. मजुरी तिच्या एकटीच्या खात्यात यावी म्हणून सोमवारी बँकेत नेते.

एक अडचण आहे. तिला मराठी तुटक येतं, मनातलं सगळं तेलुगूतच बोलते, आणि दुभाषी म्हणून सासरच्या कुणाला बसवायचं नाही. सोलापुरात तेलुगू बोलणारी बाई समुपदेशक कुठल्या केंद्रात बसते, हे कुणी सांगेल का?