रात्री तेच तेच विचार, थांबवायचे कसे?

प्रश्न: नोकरी राहील की जाईल काही कळत नाहीये आणि रात्री आडवं झालं की सुरू, नोकरी गेली तर हप्ते कसे भरणार, मग घराचं काय, आईबाबांच्या औषधांचं काय, आणि तीनला टक्क जागी. विचार करायचाच नाही ठरवलं की जास्तच येतात. कोणी यातून बाहेर पडलंय का?

उत्तर १: दाबायला जाऊच नकोस गं. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केला होता, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका सांगितलं तर लोकांच्या डोक्यात तेच यायला लागलं. त्यापेक्षा संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं काळजीसाठीच ठेव, वहीत सगळं उतरव, रात्री विचार आला की "उद्या सहाला बघू" म्हणायचं. सुरुवातीला जमणार नाही, तरी चालू ठेव.

उत्तर २: +१. लिहिताना "नोकरी जाणारच" याला पुरावा काय आणि उलट बाजूने काय, दोन्ही लिही, सीबीटीत (विचार तपासून बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) हेच करून घेतात. बायोडेटाचं काम दिवसाच उरक.

उत्तर ३: झोप नसेल येत तर तळमळत पडू नका ताई, उठून मंद उजेडात बसा, श्वास सावकाश सोडा. आणि जेवणावर, कामावर परिणाम व्हायला लागला तर डॉक्टरांना दाखवाच, एकटीने सोसू नका.