चयापचय मंदावतो, बिघडतो की बदलतो?

ॲरिस्टोलोकिक आम्ल या वनस्पतिजन्य विषाने मूत्रपिंडाच्या पेशींत काय होतं, यावर मराठीत लिहितेय. 'पेशींचा चयापचय मंदावतो' हे चालेल का? की 'बिघडतो'?

— 'बिघडतो' घ्या. 'मंदावतो' म्हटलं की वाचकाला वजनवाढ आठवते.

— दोन्ही ढोबळच. चय म्हणजे रचणं, अपचय म्हणजे मोडणं. सगळं एकदम मंदावत नाही. मूत्रपिंडातल्या समीपस्थ नलिकेच्या (गाळलेला द्रव आधी जिथे येतो त्या सूक्ष्म नळीच्या) पेशी क्षार आणि ग्लुकोज परत शोषून घेतात. त्याला लागणारी ऊर्जा त्या मुख्यतः तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत) मेदाम्लं जाळून मिळवतात. एरवी टाकाऊ सेंद्रिय आम्लं रक्तातून उचलणारी वाहक प्रथिनंच हे विषही आत घेतात, म्हणून पहिला मार याच पेशींना. तंतुकणिका दुखावल्या की मेदाम्लांचं ज्वलन घटतं, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) कमी पडतं. अशा जखमी पेशी बऱ्याचदा ग्लुकोजच्या विघटनावर जास्त भिस्त ठेवतात. म्हणजे एक वाट आकसली, दुसरी रुंदावली. इथे 'चयापचयाची घडी बदलते' लिहा, आणि पुढच्याच वाक्यात काय घटलं, काय वाढलं ते सांगा. (आणि कृपया 'अपचय'चं 'अपचन' होऊ देऊ नका. मुद्रितशोधक हमखास करतात.)

— एक गोंधळ राहिलाच. 'आम्लाचा चयापचय' आणि 'पेशीचा चयापचय' या वेगळ्या गोष्टी आहेत. पेशीतली विकरं (एन्झाइम) या आम्लातल्या नायट्रो गटाचं, म्हणजे नायट्रोजन-ऑक्सिजनच्या जोडणीचं, क्षपण (रिडक्शन) करतात. त्यातून तयार होणारा क्रियाशील रेणू डीएनएला, विशेषतः त्यातल्या ॲडेनिन या घटकाला, चिकटतो. हा झाला आम्लाचा चयापचय, आणि खरं विष तिथेच तयार होतं. कर्करोगाचा धोकाही त्यामुळेच. ऊर्जेची ओढाताण हा पेशीचा चयापचय. नुसतं 'चयापचयामुळे हानी होते' लिहिलंत तर कोणाच्या, हे कळणार नाही.

मग पहिल्यासाठी 'पेशीत आम्लावर होणारी प्रक्रिया' लिहू? 'चयापचय' फक्त पेशीसाठी राखते.

— उत्तम. आणि शीर्षकात 'विषारी मूत्रपिंड पेशी' नको, विषारी वनस्पती आहे.

— नावाचीही गंमत सांगतो. हे आम्ल ज्या वनस्पतीत असतं ती ॲरिस्टोलोकिया, म्हणजे ग्रीकमध्ये 'उत्तम प्रसूती', बाळंतपणात वापरायचे. १९९३ मध्ये बेल्जियममधल्या मूत्रपिंडविकाराचं वृत्त प्रसिद्ध झालं. वजन घटवण्याच्या औषधात एका चिनी वनौषधीऐवजी ही वनस्पती आली होती. त्या आजाराला तेव्हा 'चिनी वनौषधींचा मूत्रपिंडविकार' म्हणत. आता विषाचंच नाव लावतात. तुम्हीही तेच वापरा.