इमारतीच्या टॉवरवर बहिरी ससाणा बसतो, सोसायटीने काय करावे?

गच्ची_सांतिनेज:
नमस्कार मंडळी. पणजीत आमच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आहे. ऑक्टोबरअखेरपासून त्याच्या सर्वांत वरच्या अँगलवर सकाळी एक शिकारी पक्षी बसतो. कावळ्याहून थोडा मोठा, पाठ राखाडी, डोळ्याखाली काळा पट्टा, पोट फिकट. गच्चीवर पारव्यांची पिसे आणि कधी कधी पंखांची अख्खी जोडी पडलेली असते. सोसायटीत काहींना टॉवरवर काटे लावून त्याला हाकलायचे आहे, तर काहींना घरट्यासाठी पेटी लावायची आहे. शिवाय पारव्यांसाठी जाळे मारायचे आधीच ठरले होते, आणि एकाने विषारी दाणे टाकण्याचे सुचवले आहे. हा बहिरी की शाहीन? पेटी लावली तर तो राहील का? त्याच्यामुळे पारवे कमी होतील का?

चोडण_दुर्बीण:
वर्णनावरून उत्तरेतून येणारा हिवाळी बहिरी वाटतो, पण शाहीन वगळण्याआधी गाल आणि पोट नीट पाहा. शाहीन हा बहिरीचाच आपल्याकडे बारमाही राहणारा प्रकार. त्याचे डोके आणि गाल टोपी ओढल्यासारखे जवळजवळ सलग काळे, गळा पांढरा, पोट विटकरी-तांबूस. आर्क्टिक टुंड्रातून येणाऱ्या बहिरीचा गाल पांढरा आणि मोकळा दिसतो, मिशीचा (डोळ्याखालचा काळा) पट्टा अरुंद असतो, पोट पांढरे आणि त्यावर बारीक आडव्या रेघा. रेघा उभ्या आणि पाठ तपकिरी असेल तर तो पहिल्या वर्षातला पक्षी.

बहुतेकांची गफलत प्रकाशामुळे होते. उगवतीच्या आणि मावळतीच्या पिवळ्या उन्हात पांढरे पोटही तांबूस दिसते आणि लोक शाहीन म्हणून नोंद करून मोकळे होतात. ऊन पांढरे झाल्यावर, सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास, सूर्य पाठीशी घेऊन बघा. ८×४२ची दुर्बीण पुरते. फोटो काढताना एक बाजूने आणि एक समोरून काढा. नुसत्या पाठीच्या फोटोवरून प्रकार ठरत नाही.

शिक्रा (शहरात दिसणारा दुसरा शिकारी पक्षी) नाही ना, हेही तपासा. शिक्र्याचा डोळा पिवळा ते लाल, ससाण्याचा गडद. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब आणि पट्ट्यांची. बहिरी बसलेला असताना पंखांची टोके शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ पोहोचतात. खरुची हा छोटा ससाणा बहिरीहून लहान, पाठ विटकरी ठिपकेदार, आणि ती हवेत एका जागी फडफडत थांबते.

खाली पडलेले अवशेषही बोलके असतात. ससाणा छातीचे मांस खातो आणि दोन्ही पंख खांद्याच्या हाडांसकट जोडलेले टाकून देतो. छातीच्या हाडाच्या कडेला चोचीचे खाचे दिसतात. त्याने उपटलेल्या पिसांचे देठ मुळापर्यंत शाबूत असतात. मांजराने खाल्ले असेल तर देठ चावून तोडलेले दिसतात.

कातळकडा:
पेटीबद्दल स्पष्टच सांगतो: लावू नका. हा हिवाळी पाहुणा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये परत जाणार आणि अंडी घालणार टुंड्रात. तुमच्या पेटीत वर्षभर पारवेच राहतील, म्हणजे ज्याचा त्रास होतोय तेच तुम्ही वाढवाल. शाहीनची वीण साधारण जानेवारी ते एप्रिल, आणि त्याची जागा म्हणजे घाटातल्या उभ्या कड्यांवरचे कोनाडे.

लंडन-न्यूयॉर्कमध्ये इमारतींवर आणि पुलांवर पेट्या यशस्वी झाल्या, कारण तिथे जोडी आधीच त्या इमारतीवर घुटमळत होती किंवा आसपास स्थानिक पक्षी होते. तिथल्या पेटीचे माप साधारण ९० सेंमी रुंद, ६० खोल, ६० उंच, पुढची बाजू उघडी, तळाला पाणी जायला भोके आणि वर ७-८ सेंमी बारीक गोल खडी. ही खडी महत्त्वाची. ससाणा काड्या आणून घरटे बांधतच नाही. छातीने खडीत खळगा करतो आणि त्यात तीन-चार अंडी घालतो. नुसत्या सिमेंटवर अंडी गडगडतात किंवा साचलेल्या पाण्यात थंड पडतात.

पुढे कधी जानेवारीनंतर नर-मादी दोघे एकत्र दिसले, मोठ्याने ओरडत घिरट्या घालू लागले, नर मादीला हवेतच भक्ष्य देऊ लागला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी वनखात्याशी बोला. पेटीचे तोंड पश्चिमेला किंवा दक्षिणेला ठेवायचे नाही. एप्रिलच्या दुपारी पिल्ले उन्हाने मरतील. अंडी उबायला साधारण ३३ दिवस, पिल्ले उडायला सहा आठवडे. त्या काळात टॉवरची दुरुस्ती पूर्ण बंद ठेवता येत नसेल तर पेटीचा विचारही करू नये.

काट्यांचीही गरज नाही. त्याला हवी ती उंच, मोकळी, चारी बाजू दिसणारी जागा. तिथून मांडवी नदीवरून जाणारे पारवे आणि खाजनात (खाडीकाठच्या खारजमिनीत) उतरणारे तुतवार, म्हणजे चिखलात चरणारे छोटे पाणपक्षी, त्याला दिसतात. एसीच्या बाहेरच्या युनिटवर पिसे पडत असतील तर टॉवरखाली शेडनेटचा उतरता तुकडा बांधा, आठवड्याला झाडून घ्या. एवढ्याने भागते.

पारवा_नियंत्रण:
माझे काम इमारतींवर जाळी मारण्याचे, म्हणून पारव्यांबद्दल लिहितो.

ससाण्यामुळे पारवे संपतील ही आशा ठेवू नका. त्याला दिवसाला साधारण शंभर ते दीडशे ग्रॅम मांस लागते आणि पारवा तीन-साडेतीनशे ग्रॅमचा. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी एक पारवा, तोही दुसरे काही मिळाले नाही तर. पारवे वर्षभर वीण करतात. ते कमी करायचे तर दाणे टाकणे थांबवा, गच्चीवरची पाण्याची गळती बंद करा आणि कठडे ४५ अंशांहून जास्त तिरके करा. तिरक्या कठड्यावर पारव्याला बसता येत नाही आणि काडीही टिकत नाही.

जाळे लावायला हरकत नाही, पण दोन इंची चौकटीचे, जाड धाग्याचे, चारी बाजूंनी तारेवर ताणून, दर फुटा-सव्वा फुटाला हूक. ढिले जाळे हाच धोका. त्यात पारवा अडकतो, त्याच्या फडफडीला ससाणा किंवा शिक्रा झेपावतो आणि तोही अडकतो. पावसाळ्यानंतर एकदा सगळे हूक तपासा. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी हूक लवकर गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

विषारी दाणे अजिबात नकोत. विष खाल्लेला पारवा लगेच मरत नाही, आधी सुस्त होतो. कळपातला सुस्त पक्षी ससाणा सर्वांत आधी टिपतो, आणि तेच विष त्याच्या पोटात जाते. ब्रोमाडायोलोन, ब्रोडिफॅकूम या उंदरांच्या विषांचेही तसेच: उंदीर काही दिवस जिवंत फिरतो, रक्त गोठण्याची क्षमता जाते, आणि त्याला खाणारे गव्हाणी घुबड किंवा घार आतल्या रक्तस्रावाने मरते. उंदरांसाठी पिंजरा वापरा.

चोडण_दुर्बीण:
कायद्याचे एवढे लक्षात ठेवा: बहिरी ससाणा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, मारणे, विष देणे, घरटे किंवा अंडी विस्कटणे हे सगळे ‘शिकार’ या व्याख्येत येते. सोसायटीच्या बैठकीत हा मुद्दा इतिवृत्तात नोंदवून ठेवा. आणि इमारतीचे नाव इथे दिले नाहीत ते बरे केलेत. पुढेही देऊ नका, ड्रोनही उडवू देऊ नका.

गच्ची_सांतिनेज:
सर्वांचे आभार. पेटी आणि विष दोन्ही रद्द करायला सांगतो. समोरच्या इमारतीला पूर्ण काच आहे. तिथे आपटून पडला तर काय करायचे?

कातळकडा:
काचेवर ससाण्याच्या आकृतीचा एक स्टिकर लावून उपयोग होत नाही; पक्षी त्याच्या बाजूने काचेत घुसायला बघतो. काचेच्या बाहेरच्या बाजूला ठिपके लावा, दोन ठिपक्यांमध्ये ५ सेंमीपेक्षा जास्त अंतर नको. आतून लावले तर आकाशाच्या प्रतिबिंबाखाली ते लपतात.

पडलेला पक्षी उचलताना चोचीपेक्षा नख्यांची भीती जास्त. जाड सुती चादर अंगावर टाका, पंख मिटवून दोन्ही पाय एकत्र धरा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोक्याला बोटाएवढी भोके, तळाला सुती कापड. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नख्या अडकतात. तारेचा पिंजरा तर नकोच. धडपडीत शेपटीची आणि पंखांची पिसे मोडतात आणि पक्षी पुढे शिकार करू शकत नाही. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. खायलाही काही देऊ नका. अंधार, शांतता, सावली, आणि लगेच वनखाते किंवा अग्निशामक दल. घशात पिवळी चिकट पुटे दिसली तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. पारव्यांकडून होणारा ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग असू शकतो, आणि त्यावर वेळेत औषध मिळाले तर पक्षी वाचतो.

म्हापसेकर_बाजार:
विषयाला जोडून विचारते. आमच्या आवारात शिरीषाच्या झाडावर घारीचे घरटे आहे आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर झेप घेते. फांदी तोडावी का?

पारवा_नियंत्रण:
ताई, आता तोडू नका. पिल्ले असेपर्यंतच ती झेपावते. अंडी साधारण महिनाभर, पुढे पिल्ले उडायला सहा-सात आठवडे. ती नेहमी पाठीमागून येते, म्हणून त्या वीस-पंचवीस मीटरच्या टप्प्यात उघडी छत्री धरून जा आणि फाटकावर तसा फलक लावा. मासळी-मटणाचे टाकाऊ तुकडे उघड्यावर टाकणे बंद करा. फांदी छाटायचीच असेल तर घरटे रिकामे झाल्याची खात्री करून, पावसाआधी, आणि १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते का ते वनखात्यात विचारून.