मदत हवी आहे: बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ची कोणती प्रत घेऊ?

पियानोवर या प्रिल्यूड (सुरुवातीची छोटी रचना) आणि फ्यूग (अनेक सुरावटी एकत्र गुंफलेली रचना) यांच्या संग्रहाचा पहिला भाग (१७२२) बसवतोय. हाताशी चेर्नी या पियानोवादकाने संपादित केलेली जुनी प्रत आहे. पहिल्याच सी मेजर प्रिल्यूडला अडलो: माझ्याकडे ३६ बार (तालाची मापं), रेकॉर्डिंगमध्ये ३५! शोधल्यावर कळलं, २२ आणि २३च्या मध्ये घुसलेला बार श्वेंके या संगीतकाराच्या नावाने ओळखतात, बाखच्या हस्तलिखितात तो नाहीच. (याच प्रिल्यूडवर बेतलेल्या गूनोच्या ‘आव्हे मारिया’त मात्र तो ठाण मांडून बसलाय.) आता पानावरच्या प्रत्येक स्लरवर (सूर जोडून वाजवायची खूण), प्रत्येक फोर्टेवर (जोरात वाजवायची खूण) संशय येतो.

हस्तलिखिताचं स्कॅन पाहिलं, पण उजवा हात सोप्रानो क्लेफमध्ये, म्हणजे रेषांवर सुरांच्या जागा वेगळ्या ठरवणाऱ्या जुन्या चिन्हात. एकेक सूर मोजत वाचावा लागतो, सरावाला निरुपयोगी.

छापीलच प्रत हवी, टॅबलेटवरून वाजवत नाही. दुसरा भाग सध्या नको. शिक्षक नाहीत, त्यामुळे बोटांचे क्रमांक हवेतच, फ्यूगमध्ये तर नक्कीच. हेन्ले आणि बेरेनरायटर या प्रकाशकांची नावं माहीत आहेत, पण त्यांच्या प्रती इथे दुकानात चाळून बघायला मिळत नाहीत आणि दोन्ही घेणं परवडणार नाही.

ज्यांनी यातली एखादी वापरली आहे त्यांनी सांगा: बाखचं काय आणि संपादकाचं काय, हे पानावरच स्पष्ट कळतं का, की दर वेळी मागची टिपणं उघडावी लागतात?