प्रमोशनचं पत्र आलंय आणि बागेची छाटणीही आलीय

माणिकचमन

नमस्कार. मी तासगाव भागात एका सरकारी बँकेत क्लार्क आहे, वय ४२. आयबीपीएसची, म्हणजे सरकारी बँकांची भरती करणाऱ्या संस्थेची, क्लार्कसाठीची पहिली सामायिक परीक्षा २०११ ला झाली, त्या बॅचची. गेली नऊ वर्षं हेड कॅशियर. म्हणजे तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे.

परवा ऑफिसरचं, स्केल वनचं म्हणजे पहिल्या पायरीचं प्रमोशन लागलं. परीक्षा दिली ती शाखेतल्या चौघांनी फॉर्म भरले म्हणून. पोस्टिंग सुरत झोन. आठ दिवसांत हो की नाही ते लेखी द्यायचंय.

घरची पावणेदोन एकर द्राक्षबाग आहे. नवरा आणि सासरे बघतात, पण सकाळी सहा ते आठ मीही बागेत असते. फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढायची, विरळणी करायची, नोव्हेंबरात बायकांबरोबर घड जीएच्या, म्हणजे वाढीच्या संजीवकाच्या, पाण्यात बुडवायचे. मग आंघोळ, डबा, एसटी. दमत नाहीस का, विचारतात. दमते की. पण पीककर्जाचं नवंजुनं करायला आलेला माणूस 'यंदा घड जिरले हो' म्हणतो, तेव्हा त्याला मला काही समजावून सांगावं लागत नाही. आमचेही जिरले होते, फळ धरायच्या आधीच.

जायचं नाही हे मनात जवळपास ठरलंय. अडलंय दुसरीकडेच. सहा वर्षांपूर्वी लागलेला एक मुलगा, ज्याला नोटा मोजायला मी शिकवलं, तोही पास झालाय. दोन-तीन वर्षांनी फिरून इकडे येईल तो माझ्या व्हाउचरवर सही करायला. आज ताई म्हणतो. त्यात काल एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाली, 'तुझं काय बाई, तू सुखी!' ते शिवीसारखं लागलं. रात्री झोप नाही.

मी समाधानी आहे की नुसती घाबरट, हे माझं मला कसं कळायचं? ज्यांनी प्रमोशन घेतलं किंवा सोडलं त्यांनी सांगा.

निवृत्त कोल्हापूरकर

ताई, मी घेतलं होतं. १९८९ ला क्लार्कचा ऑफिसर झालो, स्केल फोरला निवृत्त. बिहार, ओडिशा, मग नागपूर. पैसा मिळाला, मान मिळाला, खोटं कशाला बोलू. मला जुनी पेन्शन आहे. १ एप्रिल २०१० नंतर लागलेले तुम्ही सगळे एनपीएसवाले, म्हणजे दरमहा वर्गणी साठवायच्या नव्या पेन्शनचे, त्यामुळे माझा हिशोब जसाच्या तसा लावून घेऊ नका.

निवृत्त होऊन कोल्हापुरात स्वतःच्या घरी आलो तर गल्लीतली कुत्री माझ्यावर भुंकायची. शेजारीपाजारी वर्षभर मला 'वहिनींचे मिस्टर' म्हणूनच ओळखत होते.

पण दुसरी बाजूही ऐका. ऑफिसर झालं की कर्ज मंजूर करायची सही हातात येते. बरगडला एका विणकराला मागासाठी पंचवीस हजार दिले होते. वरच्यांनी खोडा घातला होता, मी भांडलो. बदली झाल्यावरही पाच वर्षं दसऱ्याला त्याचं पत्र यायचं, उडियात. शेजारच्या टेबलवाल्याकडून वाचून घ्यायचो. ते सुख मला कॅशच्या पिंजऱ्यात मिळालं नसतं.

फाइल पेंडिंग

मी स्केल टू, वय ३१. मॅडम, आधी कागद-पेन घ्या. फिटमेंटनंतर, म्हणजे पगार नव्या स्केलमध्ये बसवल्यावर, हातात किती वाढतात ते काढा. त्यातून हेड कॅशियरचा स्पेशल अलाउन्स वजा करा, दुसरं घर मांडायचा खर्च वजा करा, महिन्यातून दोनदा घरी यायचं तिकीट वजा करा. एक गोष्ट मात्र लोक विसरतात: एनपीएसमध्ये बँक मूळ पगार अधिक डीएच्या १४ टक्के भरते. पगार वाढला की तीही रक्कम वाढते, आणि तुमची अजून १८ वर्षं आहेत. हा आकडा डोळ्याआड करून नाही म्हणू नका.

वेळेचं म्हणाल तर मी शाखेतून आठच्या आत निघाले तर घरचे विचारतात, बरं नाही का. २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे म्हणे. माझे त्यातले निम्मे शनिवार विम्याचं टार्गेट पुरं करण्यात गेले.

आणि नकार दिला तर पुन्हा परीक्षेला किती वर्षं बसता येत नाही, हे आरओला, म्हणजे रिजनल ऑफिसला, लेखी विचारा. प्रत्येक बँकेचा नियम वेगळा. कँटीनमधल्या माहितीवर जाऊ नका.

दोनदा नाही म्हटलेली

मी दोनदा सोडलं. पहिल्यांदा मुलगा दोन वर्षांचा होता. दुसऱ्यांदा तो अकरावीला, होस्टेलवर. तेव्हाही कारण घरचंच सांगितलं, पण खरी गोष्ट अशी की मला कर्जाच्या फाइलींची धास्ती होती. पहिला नकार मला आठवतसुद्धा नाही. दुसरा अजून टोचतो. फरक विचारलात ना, मला तो असा कळला, आणि कळला तेव्हा पन्नाशी आली होती.

त्या मुलाचं मनावर घेऊ नका असं म्हणणार नाही, कारण ते घेतलं जातंच. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी मॅनेजर होऊन आली. पहिले चार महिने मी तिच्या केबिनमध्ये बसले नाही, उभ्यानेच बोलायचे. मग एका मार्चएंडला साडेनऊ हजारांचा फरक काही केल्या सापडेना. रात्री साडेदहाला मी तिला नावेऐवजी जमेला पडलेली एंट्री दाखवली. ती एवढंच म्हणाली, 'काकू, बसा ना आता.' बसले.

माणिकचमन

सगळ्यांचे आभार. काल रात्री नवऱ्याला घेऊन हिशोब केला. सगळे खर्च जाता महिन्याला साडेचार हजार उरत होते. एनपीएसची भर वेगळी, ती सोडताना हात जड झाला, खोटं सांगत नाही.

काकूंचं वाचून स्वतःला विचारलं, मला फाइलींची धास्ती आहे का? थोडी आहे. म्हणून आज साहेबांना म्हटलं, क्लार्कच राहते, पण कॅश पुरे झाली, मला पीककर्जाच्या टेबलावर घ्या. प्रस्ताव तयार करायला शिकते, सही तुमचीच. ते म्हणाले, 'बघू. आधी किल्ली कुणाला द्यायची ते शोधा.' होकार होता की नाही कळलं नाही.

तो मुलगा पेढे घेऊन आला होता. त्यालाही सुरतच. 'ताई, तिकडं भाकरी मिळते का हो?' मला तरी काय माहीत!

नकाराच्या अर्जात कारणाचा रकाना जेमतेम एका ओळीचा आहे. 'कौटुंबिक' लिहिलं. साहेब म्हणाले, सगळे हेच लिहितात. 'छाटणी' लिहायचं फार मनात होतं, पण आरओवाल्यांना वाटलं असतं, ही नोकरीच सोडतेय. छाटणी सोमवारी सुरू होतेय. दोन दिवसांची रजा टाकलीय.